खरवडलेली रेघ

दाजींनी समुद्र पाहिला तो निळ्या शाईचा आणि बर्फ पाहिला तो मेहुण्याच्या कारखान्यातला. उत्तरेचा जो गोठलेला समुद्र, ज्याच्या काठाची रेघ आखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, तो त्यांनी कधी पाहिला नाही. पाहावासाही वाटला नाही. "स्वयंपाक्यानं पंगतीला बसू नये," असं ते म्हणत. म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. दाजी ज्या संथ सुरात बोलत, त्या सुरात सांगितलेलं काहीही शहाणपणाचं वाटे.

तसे ते एकाच माणसाचे दाजी. बायकोच्या धाकट्या भावाचा बर्फाचा कारखाना होता. पत्र्याच्या छपराखाली मिठाच्या पाण्याचा मोठा हौद, त्यात बुडवलेले डबे, डब्यातून निघणाऱ्या लाद्या आणि लाद्यांवर लाकडाचा भुसा. मेहुणा त्यांना दाजी म्हणे, म्हणून त्याचे हमाल म्हणू लागले, मग गल्ली, मग ऑफिस. शेवटी एकदा बायकोच दारातल्या माणसाला म्हणाली, "थांबा हं, दाजींना विचारते." त्या दिवसापासून घरातही दुसरं नाव उरलं नाही.

मेहुणा आला, की दोन बर्फांची तुलना ठरलेली.

"दाजी, धंदा तुमचा बरा. माझी लादी दुपार बघत नाही. तुमची पेन्शनीपर्यंत टिकली."

"तुझा बर्फ लोक सरबतात घालतात. माझ्यावर जहाजं आपटतात."

"आपटली का कधी?"

"नाही आपटली, ती माझ्यामुळंच," दाजी म्हणत आणि विषय तिथं संपे.

समुद्राच्या नकाशांच्या खात्यात एक खोली होती, तिला सगळे बर्फाची खोली म्हणत. दोन उंच खिडक्या, उतरत्या पाठीची लांब टेबलं, भिंतीला रेडिओचं यंत्र. सीलची शिकार करणारी, मासे धरणारी, माल नेणारी जहाजं वर उत्तरेला फिरत असत आणि रेडिओवरून बोलत. खोलीतला माणूस त्यांना दोनच प्रश्न विचारी. कुठं आहात? काय दिसतंय? जहाज सांगे, अमुक ठिकाणी आहोत, समोर बर्फ आहे. मग नकाशावर तिथं टाचणी. उन्हाळा संपताना, बर्फ मागे हटून हटून जेवढा हटायचा तेवढा हटला, की टाचण्यांवरून दाजी रेघ ओढत. रेघेच्या एका अंगाला निळं, ते पाणी. दुसऱ्या अंगाला कापड कोरंच सोडायचं, तो बर्फ. दर उन्हाळ्याची एक रेघ, एक नकाशा. असे नकाशे दाजींच्या आधीच्यांनी केले होते, त्यांच्या आधीच्यांनीही.

खोलीचे प्रमुख मोठे साहेब. अंगानं किरकोळ होते, पण पगारानं आणि आवाजानं मोठे. दाजी कोवळ्या मिशीचे असताना त्यांच्या हाताखाली आले आणि पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे खालची रेघ झाकायची नाही. नवा नकाशा करायचा, तर जुन्यावर ट्रेसिंगचं कापड अंथरायचं, त्याला टाल्कम पावडर चोळायची, झटकायची आणि निब चालवायची ती खालच्या रेघेला खेटून, पण तिच्या बाहेरून. वरूनच गेलात, तर खालची दिसेनाशी होते, आणि मग आपण नीट गेलो की भरकटलो, हे कळायला मार्ग राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रेघ तुटता कामा नये.

ही दुसरी गोष्ट जरा अवघड होती, कारण जहाजं काही सगळीकडे जात नसत. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात एक मोठं आखात होतं. तिथं सील नाहीत, मासे नाहीत, बंदर नाही. कुणी कशाला मरायला जाईल? आखाताच्या तोंडापर्यंत टाचण्या येत आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा सुरू होत. मध्ये हातभर जागा रिकामी.

"साहेब, इथं तुटक रेघ देऊ?" दाजींनी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

"वरचे लोक नकाशा बघायला येतात तेव्हा काय म्हणतील? खात्याचे दात पडलेत?"

"मग काय देऊ?"

"गेल्या वर्षी काय होतं?"

"गेल्या वर्षी इथं बर्फ होता. एका जहाजानं कळवलं होतं."

"मग या वर्षी कुणी नाही म्हटलंय का?"

कुणी नाही म्हटलं नव्हतं. दाजींनी गेल्या वर्षीची रेघ खाली घेतली आणि खेटून, बाहेरून, तिची नक्कल केली. पुढच्या वर्षी नकलेची नक्कल. त्या आखातातली रेघ डोंगराच्या फुगवट्यासारखी गोल होती. खोलीत तिला पोट म्हणत. बाकीच्या काठावर टाचण्या असत, तिथं रेघ टाचण्यांचं ऐके. वाकडी, ठेचकाळणारी, कधी पुढे कधी मागे. पोटात मात्र निब एका श्वासात फिरे. पाहुणे आले, की मोठे साहेब तेवढ्या जागेवर बोट ठेवून म्हणत, "हात बघा, हात." दाजी मान खाली घालत. नकाशातला सगळ्यांत देखणा भाग तो, आणि सगळ्यांत कमी कष्टाचा.

पुढे उपग्रह आले. वरून काढलेल्या पहिल्याच फोटोत पोट नव्हतं. आखातात सरळ पाणी. विद्वानांमध्ये मोठी खळबळ झाली. त्यांनी जुने नकाशे उलगडले, तेव्हा असं दिसलं, की चोहीकडे काठ घटत असताना या एका आखातातला बर्फ दरसाल थोडा थोडा वाढत गेला होता आणि मग एकाएकी, एका वर्षात, सगळाच्या सगळा फुटून गेला. एकानं त्यावर थंड प्रवाहाचा सिद्धान्त मांडला. दुसऱ्यानं तो खोडून वाऱ्याचा मांडला. बर्फाची खोली बंद झाली, दाजींना बंदरांच्या दिव्यांचे नकाशे काढायला बसवलं आणि ते तिथूनच निवृत्त झाले. पण ते प्रवाहाचं नि वाऱ्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"मी निब खाली ठेवली आणि बर्फानं अंग टाकलं," ते मेहुण्याला सांगत.

"म्हणजे तुमच्या आधारानं उभा होता."

"तू चेष्टा करतोस. पण योगायोग आहे की नाही?"

निवृत्तीनंतर दाजी सकाळी फिरायला जात, पेपर वाचत आणि ओळखीपाळखीच्यांना खुशाली कळवत. एकुलती मुलगी लांबच्या शहरात नोकरीला होती. पूर्वी तिचा फोन दर रविवारी यायचा. मग तिनं नोकरी बदलली, घर बदललं, आणि रविवार चुकू लागले. या वर्षी तर तिचा आवाजच घरात फारसा आला नव्हता. कुणी विचारलं, की दाजी सांगत, "मजेत आहे. कामाचा व्याप फार."

"तुम्हाला कुणी सांगितलं मजेत आहे म्हणून?" माणूस गेल्यावर बायको विचारी.

"काही बिनसलं असतं तर कळवलं नसतं का तिनं?"

"आपण लावू या का फोन?"

"कामात असेल. उगाच कशाला."

बायको पुढे काही बोलत नसे. तिला संसारात एक गोष्ट कळून चुकली होती, की दाजींच्या बोलण्याला कुठं फट नसते, त्यामुळं त्यात हात घालता येत नाही.

अशात खात्यातून फोन आला. मुलीचा असेल म्हणून बायको धावली, पण पलीकडे एक मॅडम होत्या. त्या जुने नकाशे, जहाजांच्या नोंदी, सगळं एकत्र करून बर्फाच्या काठाचा सलग इतिहास तयार करत होत्या. उपग्रहाच्या आधीचा, त्याच्याही आधीचा, कागद मागे जातील तितका मागचा. त्याचा मोठा ॲटलास निघणार होता. बर्फाच्या खोलीतले हयात असे दाजीच उरले होते. येऊ शकाल का?

दाजींनी त्या दिवशी पेपर उलटा धरला होता, असं मेहुणा नंतर सांगे. निम्म्या गल्लीला ॲटलासची बातमी लागली. उरलेल्या निम्म्या गल्लीला मेहुण्याच्या हमालांनी सांगितली.

"नाव छापणार?" मेहुण्यानं विचारलं.

"नावाचं काय एवढं. रेघ छापतील."

"कुठली?"

"सगळ्याच. पण पोट तर घेतीलच," दाजी म्हणाले. एवढी एक गोष्ट जगात आपल्या मागे राहणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. बायकोनं ते वाचलं आणि त्यांचा ठेवणीतला शर्ट इस्त्रीला काढला.

बर्फाच्या खोलीत आता कॉम्प्युटर होते. दाजींचं उतरतं टेबल बाहेर पॅसेजमध्ये उभं होतं. त्याची पाठ आडवी करून वर झेरॉक्सचं मशीन ठेवलं होतं. दाजींनी जाता जाता टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. निब पुसायची खाच होती तिथंच.

मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. केस कापलेले, कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर, आणि बोलताना समोरच्याकडे नीट बघण्याची सवय. त्यांनी चहा मागवला, काका म्हणाल्या आणि दाजी खूश झाले. खोलीच्या मधोमध काचेचं टेबल होतं, खालून उजेड येणारं. त्यावर जुनं ट्रेसिंगचं कापड पसरलेलं. दाजींनी ते लांबूनच ओळखलं, जसा माणूस आपला सदरा दोरीवर ओळखतो.

"काका, एक त्रास देऊ? ही आखातातली रेघ मला एकदा ट्रेस करून दाखवाल? पूर्वी करायचात तशी."

"हात राहिला नाही आता," दाजी म्हणाले आणि बाह्या दुमडू लागले.

मॅडमनी सगळी तयारी ठेवली होती. कोरं कापड, पावडर, काळी शाई, तीच जुनी निब, आणि दाढीचं पातंसुद्धा. दाजींनी पावडर चोळली, झटकली. तळहात कोऱ्या भागावर, म्हणजे बर्फावर, टेकवला, श्वास घेतला आणि पोट काढलं. रेघ कुठं जाड नाही, बारीक नाही. खोलीतली दोन पोरं कॉम्प्युटर सोडून बघायला आली. मोठे साहेब असते तर 'हात बघा, हात' म्हणाले असते. मॅडम हाताकडे बघतच नव्हत्या. त्या निबेकडे बघत होत्या.

"तुम्ही खालच्या रेघेवरून नाही गेलात."

"वरून गेलं की ती झाकते. नेहमी बाहेरून, खेटून."

"बाहेरून म्हणजे पाण्याच्या बाजूनं?"

"पाण्याच्याच. बर्फावर आपला हात टेकलेला असतो ना."

"आणि असं दरवर्षी?"

"दरवर्षी. एक वर्ष चुकलं नाही," दाजी अभिमानानं म्हणाले.

मॅडमनी हळूच एक मोठा कागद उलगडला. त्यावर फक्त ते आखात होतं आणि सगळ्या वर्षांचं पोट एकमेकांबाहेर काढलेलं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. दाजींना आधी ते चित्र फार सुंदर वाटलं. मग मॅडमनी शाई पुसून निब उचलली आणि तिचं टोक दोन पापुद्र्यांच्या मधल्या जागेत ठेवलं. ते तिथं चपखल बसलं. पुढच्या दोहोंमध्ये ठेवलं, तिथंही बसलं.

"या मोजमापावर निबेची जाडी साधारण कोसभर भरते," त्या म्हणाल्या. "बर्फ दरसाल कोसभर वाढत होता. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. मला तेच कळत नव्हतं, की बर्फ इतका वक्तशीर कसा."

दाजींनी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता. बाजूची पोरं आपापल्या कॉम्प्युटरकडे परत गेली, आणि त्यांचं तसं समजूतदारपणे जाणं दाजींना सगळ्यांत जास्त लागलं.

पण इतकी वर्षं केलेलं पोट कुणी एका निबेवर सोडत नाही. दाजी घासाघीस करू लागले, बाजारात करावी तशी.

"सगळाच काही माझ्या हातचा नसेल. थोडा खरा असेल."

"पहिल्या वर्षाचा खरा आहे. तेव्हा एका जहाजानं कळवलं होतं."

"मग पुढच्या एकदोन वर्षांचाही धरा. बर्फ काय लगेच हलतो?"

"धरला असता. पण कुणी पाहिलेला नाही."

"नाही असंही कुणी म्हटलेलं नाही."

"काका," मॅडम म्हणाल्या, "म्हटलंय का, हेच मला तुम्हाला विचारायचं होतं."

त्यांनी काचेवर दुसरं कापड ठेवलं, शेवटच्या काही वर्षांपैकी एकाचं. खालून उजेड आला, तसं आखाताच्या आत, पोटाच्या कितीतरी मागे, एक ठिकाण चकाकलं. कापडाची वीण तिथं विरळ झाली होती. दाजींनी तिकडे पाहिलं आणि त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख आपोआप तर्जनीवर घासू लागलं.

ट्रेसिंगच्या कापडावरची शाई पुसत नाही, खरवडावी लागते. पातं आडवं धरून, हलक्या हातानं, भोक न पाडता. मग त्या जागी नख घासून कापड पुन्हा गुळगुळीत करायचं, नाहीतर नवी शाई पसरते. दाजींचं खरवडणं असं, की नुसत्या डोळ्याला कळू नये. काचेखालचे दिवे तेव्हा खोलीत नव्हते.

"इथं काहीतरी होतं," मॅडम म्हणाल्या.

"एक कॅप्टन आला होता."

त्यांना सगळं आठवलं, आणि आठवायला वेळही लागला नाही. सील मारणाऱ्या एका लहान जहाजाचा कॅप्टन स्वतः खोलीत आला होता. रेडिओवर त्याचं कुणी ऐकून घेईना, म्हणून. अंगाला चरबीचा वास, नखांत काळी घाण. इंजिन बिघडून तो प्रवाहाबरोबर वाहत त्या आखातात शिरला होता. त्यानं ते घाणेरडं बोट सरळ नकाशावर ठेवलं आणि पोटाच्या आतून ओढत नेलं. "इथवर पाणी आहे. बर्फ इथून पुढे." दाजींनी मुकाट्यानं बोटामागून पेन्सिल नेली, आणि तो मोठ्या साहेबांची वाट बघत बसला तोवर शाईसुद्धा फिरवली. वेडीवाकडी, दातेरी रेघ. साहेब आले. ते म्हणाले, इथं बर्फ आहे, कित्येक वर्षांपासून आहे. कॅप्टन म्हणाला, मी तिथं होतो. साहेब म्हणाले, खात्याकडे सलग नकाशे आहेत. कॅप्टननं चहा संपवला आणि तो गेला.

"प्यायलेला होता," साहेब दार लागताच म्हणाले. "खरवड ते."

दाजींनी खरवडलं. नख घासलं. गेल्या वर्षीचं पोट खाली घेतलं.

"साहेब म्हणाले तो प्यायलेला होता," दाजींनी मॅडमना सांगितलं.

"तुम्हाला काय वाटलं?"

दाजी नख तर्जनीवर घासत राहिले. मॅडमनी घाई केली नाही. त्यांनी आपला हिशेब सांगितला. उपग्रहाच्या फोटोंत काठ दरसाल मागे जाताना दिसतो, त्यात वाद नाही. वाद आहे तो सुरुवातीचा. या आखातातलं पोट जर खरं, तर या भागातला बर्फ उपग्रह येईपर्यंत धडधाकट होता आणि अचानक गेला. पण कॅप्टन जर शुद्धीत असेल, तर बर्फ उपग्रहाच्या कितीतरी आधीपासून हटत होता, आणि कुणाला पत्ता नव्हता. त्या वर्षी आखातात गेलेला तो एकटा माणूस. त्याचं जहाज नंतर भंगारात गेलं, त्याची वही सापडली नाही. तेव्हा त्याला पाहिलेलं माणूस म्हणजे आता फक्त तुम्ही.

"तो नशेत होता असं तुम्ही म्हणालात, तर मी ही जागा संशयित धरीन," त्या म्हणाल्या. "मग पोट राहील. खाली शंका लिहून, पण राहील."

म्हणजे एका शब्दाचं काम होतं. तो शब्दही दाजींचा नाही, मोठ्या साहेबांचा. आयता मिळालेला, वापरून गुळगुळीत झालेला. नुसता खेटून पुढे न्यायचा. दाजींनी तोंड उघडलं. आणि काय झालं, तर त्यांना कॅप्टनचा चेहरा आठवेना, कप मात्र आठवला. शिपायानं चहा काठोकाठ भरून आणला होता आणि त्या आडदांड माणसानं तो कप बशीशिवाय एका हातात धरला होता, नकाशाच्या बरोबर वर. दुसऱ्या हाताचं बोट आखातात फिरत होतं. दाजींचा जीव टांगणीला. तो काय बोलतोय याच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते कपाकडे बघत होते. महिन्याचं काम होतं त्या कापडावर.

"सांडला नाही," दाजी म्हणाले.

"काय?"

"चहा. काठोकाठ भरलेला होता. माझ्या नकाशावर धरून उभा होता मेला. एक थेंब सांडला नाही." ते थांबले. "प्यायलेल्या माणसाचा हात तसा राहत नाही. तो शुद्धीत होता."

मॅडमनी ते लिहून घेतलं. चहासकट. मग त्यांनी एक दिवा आडवा, कापडाला समांतर धरला. तिरक्या उजेडात पात्याचे ओरखडे उभे राहिले. बारीक, एकाला एक लागून, गवत कापल्यावर खुंट राहावेत तसे. दाजींनी पेन्सिल घेतली. या वेळी बाहेरून जायला खालची रेघच नव्हती. ते ओरखड्यांवरून गेले. मोठ्या साहेबांना आवडली नसती अशी, खडबडीत, मध्येच मागे वळणारी रेघ पुन्हा कापडावर आली. बोट जिथं थांबलं होतं तिथं ती थांबली. दाजींनी तिथंच पेन्सिल उचलली.

"दोन्हीकडून तुटकी आहे," ते म्हणाले.

"असू दे. एवढी मी घेते."

"आणि बाकीचं पोट?"

"कोरं सोडणार."

"कोरं म्हणजे बर्फ."

"आमच्याकडे नाही. आमच्याकडे कोरं म्हणजे माहीत नाही."

दाजींनी बाह्या खाली केल्या, बटणं लावली. दारापाशी गेल्यावर त्यांना विचारावंसं वाटलं.

"रेघेखाली नाव येतं का कुणाचं?"

"ज्यानं पाहिलं त्याचं. कॅप्टनचं येईल."

"खरवडणाऱ्याचं देत नाहीत ना?"

"नाही काका," मॅडम पहिल्यांदाच हसल्या.

"मग हरकत नाही."

ते बसनं न जाता चालत घरी गेले. वाटेत एका पाटीवर, एका भिंतीवर, फुटपाथच्या कडेवर त्यांना रेघाच रेघा दिसल्या, सगळ्या सलग आणि सगळ्या कुणीतरी मन लावून ओढलेल्या. त्यांना त्या माणसांची थोडी काळजी वाटली.

घरी मेहुणा आधीच येऊन बसला होता, म्हणजे बसला नव्हता. हातात बर्फाच्या तुकड्यांचं पोतं घेऊन उभा होता, कारण बहिणीनं अजून भांडं दिलं नव्हतं.

"काय दाजी, छापणार ना पोट?"

दाजी खुर्चीत बसले. बूट काढले. आणि निबेचं, कोसाचं, पापुद्र्यांचं सगळं सांगून टाकलं. सांगताना कुठं सावरून घेतलं नाही. मेहुणा ऐकत राहिला. त्याला हसू दाबता येईना.

"म्हणजे मी जन्मभर वीज जाळून केला नाही एवढा बर्फ तुम्ही बाटलीभर शाईत केलात. दाजी, आधी सांगितलं असतं तर भागीदारी केली असती."

"तेवढा तरी टिकला असता तुझा," दाजी म्हणाले. मग तेही हसले, उशिरा आणि थोडंसं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. इस्त्रीच्या शर्टाला शाईचा डाग पडलेला तिला दिसला होता. आता काहीतरी वेगळं विचारायला हवं, असं मेहुण्याला वाटलं असावं. तो म्हणाला, "बरं, ते जाऊ दे. आमची भाची काय म्हणते?"

"मजे..." दाजी म्हणाले आणि थांबले.

बायकोनं पदराला हात पुसता पुसता त्यांच्याकडे पाहिलं.

"माहीत नाही," दाजी म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे?" मेहुण्यानं प्रश्न रीत म्हणून विचारला होता, उत्तराची त्याची तयारी नव्हती. "भांडणबिंडण झालंय का काही?"

"तेही माहीत नाही. बऱ्याच दिवसांत बोलणं नाही. मी आपलं मागचंच सांगत होतो सगळ्यांना."

"मी कधीची म्हणतेय फोन लावा," बायको म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण ती बोलता बोलता फोनपाशी जाऊन पोचलीसुद्धा होती. तिनं नंबर फिरवला. तो तिला पाठ होता, आणि इतक्या सहज, की तिनं तो मनात किती वेळा फिरवला असेल हे दाजींना तेव्हा कळलं. तिनं रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि आपला कान त्याला लावून उभी राहिली.

पलीकडे घंटा वाजत राहिली. मग थांबली.

"हॅलो? बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

कशी आहेस, हे दाजींच्या ओठांवर आलं होतं. त्या प्रश्नाचं उत्तर मुलीकडे तयार असणार, ते त्यांना पाठ होतं. ती त्यांचीच मुलगी होती.

"आम्ही बरे आहोत," ते म्हणाले. "तू कुठं आहेस?"

"म्हणजे? घरी."

"घरी कुठं? ते नवं घर आम्ही पाहिलेलं नाही. काय दिसतंय तिथून?"

पलीकडून काही आलं नाही. दाजींच्या जिभेवर चारपाच वाक्यं एकामागून एक आली. कामात असशील, नंतर बोलू, तब्येतीला जप. सगळी सलग, सगळी कामाची. त्यांनी ती गिळली आणि ते वाट बघत राहिले. मेहुणा पोतं धरून उभाच होता. पोत्यातून पाणी टपकायला लागलं होतं. बायकोनं कान न हलवता पाय लांब केला आणि कोपऱ्यातलं रिकामं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.